उपरण्याखालचं झाड

त्या झाडाचं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हात आठवला. पाच बोटं, मधलं लांब, कडेची आखूड, आणि उन्हासमोर धरलं तर आतल्या शिरा दिसाव्यात इतकं पातळ. पुढं लक्षात आलं की काही पानांना सात बोटं आहेत. तोवरचं माझं सगळं आयुष्य बोटं ओळखण्यात गेलं होतं. सात बोटांच्या हाताशी सौदा कसा करायचा, असं मनात आलं आणि मी एकटाच हसलो. झाडाचा मालक, एक जपानी साहेब, समोर उभा होता. तो हसला नाही. त्याचं पुढं सांगतो, आधी बोटांचं सांगतो.

आमचं गाव कुरुळी. घरची जमीन म्हणजे माळावरचा एक तुकडा, त्यात बाजरीसुद्धा रुसून उगवायची. मी चाकणच्या बैलबाजारात एका हेड्याच्या हाताखाली धंदा शिकलो. बैलांची दलाली करणाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. हेड्याचा भाव तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. वर चेहऱ्यावर काही नाही. बघणाऱ्याला वाटावं, पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. बैलाला आपली किंमत कळू नये म्हणून असं करायचं, असं माझा हेडी सांगायचा. खरं कारण शेजारच्या गिऱ्हाइकाला कळू नये हे होतं, पण मला बैलाचंच कारण आवडायचं.

मी बोटांवरून माणूस ओळखायला लागलो. घाबरलेल्याचं बोट गार पडतं. गरजवंताचं लवकर दाबलं जातं. आणि ज्याच्या मनात तुमच्याशी व्यवहारच करायचा नाही, त्याचा हात नुसता पडून राहतो आणि मग निघून जातो. बोट न दाबता हात काढून घेणं हा बाजारातला सगळ्यात मोठा अपमान. तू बोलायच्याही लायकीचा नाहीस, असा त्याचा अर्थ. त्यावरून मी दोनदा मारामारी केली आहे आणि एकदा माझा दात पडला आहे.

मग पिंपरीच्या माळावर कारखाने यायला लागले. जिथं सकाळी धुक्यात नुसते बाभळीचे शेंडे दिसायचे तिथं चिमण्या दिसायला लागल्या. साहेबलोकांची वसाहत झाली. बंगल्यांपुढं उघडा मुरूम होता आणि प्रत्येक साहेबाला गुलाब हवे होते. मी बैलांची दलाली सोडली, एक जोडी स्वतःसाठी ठेवली, आणि इंद्रायणीच्या काठचा पोयटा, म्हणजे पुरानं आणून टाकलेली मऊ काळी माती, गाडीत भरून वसाहतीत विकायला लागलो. कुणाची ओळख नव्हती की कुणाचा हात पाठीवर नव्हता. जे झालं ते माझ्या तोंडानं आणि माझ्या बैलांनी झालं. फुकट मी कधी कुणाचा गूळसुद्धा खाल्ला नाही.

जपानी साहेब कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. वसाहतीच्या शेवटच्या बंगल्यात एकटा राहायचा. बंगल्यामागं रेल्वेचा रूळ होता आणि पलीकडं पवना नदीकडं उतरत जाणारं गवत. मी गाडी थांबवली, मूठभर पोयटा त्याला दाखवला. त्यानं तो बोटांत चोळला, हुंगला आणि परत माझ्या हातात ठेवला. "नहीं," म्हणाला.

माझा पोयटा त्या दिवसापर्यंत कुणी परत केला नव्हता. माझं डोकं तापलं. मराठीत काय बोलायचं ते सगळं बोललो. त्याला एक अक्षर कळलं नाही, तरी ते त्यानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग तो मला व्हरांड्यात घेऊन गेला. तिथं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते रोप होतं. वीतभर उंच. बोटीनं आणलेलं, त्याच्या गावचं. त्यानं डब्यातली माती बाजूला करून मुळं दाखवली. पोयटा मुळांना चिकटून बसेल, त्यांना श्वास घ्यायला जागा राहणार नाही, असं त्यानं स्वतःच्या नाकावर हात दाबून मला समजावलं. मग अंगणात वाकून त्यानं पायाखालचा मुरूम उचलला. तोच त्याला हवा होता, चाळून. आख्ख्या वसाहतीला मी जो मुरूम झाकायला माती विकत होतो, तो मुरूम.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाय दुमडून त्या झाडासमोर बसलो. वारा नव्हता तरी पानं हलत होती. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला, एक मालगाडी गेली, तिची सावली डबा डबा करून व्हरांड्यावरून सरकली आणि झाड त्या सावलीत भिजून परत उन्हात आलं. किती वेळ गेला कळलं नाही. बैल कंटाळून बसले होते, तेव्हा उठलो.

साहेबाची अडचण सरळ होती. त्याची ड्यूटी दिवसभर असायची आणि उन्हाळ्यात त्या झाडाला दिवसातून तीनदा पाणी लागणार होतं. माझी गाडी रोज दिवसभर वसाहतीतच फिरायची. त्यानं खिशात हात घातला. मी मान हलवली. खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्याचा हात खाली धरला. तो गोंधळला. त्याला वाटलं, ही काहीतरी पूजा आहे. मी एकेक बोट दाबून दाखवलं, झाडाकडं बोट केलं, पाण्याची नक्कल केली, मग माझ्या डोक्यावर टिचकी मारून सांगितलं की मला शिकव. मी पाणी घालणार, तू विद्या देणार. आठवड्याला एक दिवस. त्यानं माझं एक बोट दाबलं. त्याचं बोट कोमट होतं आणि जरा खरबरीत, कामगाराचं. सौदा झाला.

बैलाला कळू नये म्हणून उपरणं, हेही मी त्याला खुणांनी सांगितलं. बैलाचे कान करून दाखवले. त्यानं ते मनावर घेतलं. तिथून पुढं आम्हाला झाडाविषयी काही ठरवायचं असलं की तो आधी कुंडी उचलायचा, झाडाचं तोंड भिंतीकडं करायचा आणि मगच उपरण्याखाली हात द्यायचा.

कुंडीसुद्धा माझीच. त्याला उथळ, पसरट भांडं हवं होतं आणि पुण्यातून आणलेलं एकही त्याला पटेना. आमच्या घरचा रांजण गळ्याशी तडकला होता. पाथरवटाकडून मी त्याचं बूड चार बोटं उंचीवर कापून घेतलं, खाली भोकं पाडली. रांजणाची माती पाणी पिते आणि वाऱ्यानं गार होते, उन्हाळ्यात मुळांना तेच पाहिजे होतं. साहेबानं त्या बुडावरून तळहात फिरवला आणि मुरूम चाळायला घेतला. घरी मात्र बोलणं झालं. त्या बुडात बायकोला कोंबड्यांना पाणी ठेवायचं होतं.

"अवं, फळ न्हाई, फूल न्हाई, सावली न्हाई," ती म्हणाली. "आन त्याला माझ्या रांजणाचं बूड."

मी म्हटलं, तुला कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं, पण ते मी बोललो नाही.

झाड लहान ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं, असं मला आधी वाटायचं. तसं ते नव्हतं. पहिल्या थंडीत आम्ही त्याचं सोटमूळ कापलं, म्हणजे बाजूची मुळं दाट झाली. मग तार. चिंचवडात विजेच्या मोटारींना तार भरणाऱ्या एका मुसलमान मेस्त्रीकडून मी तांब्याची तार आणायचो, चुलीत लाल करून मऊ करायचो, आणि साहेब ती फांदीभोवती तिरकी गुंडाळायचा, ना घट्ट ना सैल. मग फांदी वाकवायची. एका दिवशी एवढीशी. पुढच्या आठवड्यात आणखी एवढीशी. "धीरे," तो म्हणायचा. हिंदीतले त्याला वीसेक शब्द येत असतील, त्यातला हा तो सगळ्यात जास्त वापरायचा. फांदी कुठवर वाकेल ते डोळ्याला दिसत नाही. बोटाला कळतं. आतून एक बारीक विरोध येतो, तिथं थांबायचं. हे मला त्यानं शिकवायच्या आधीच येत होतं. उपरण्याखाली समोरचा कुठवर येईल ते असंच कळतं.

येत होतं, तरी एकदा चुकलो. त्या सकाळी मोशीच्या उतारावर एका गाडीवाल्याशी माझं जुंपलं होतं. तो राग बोटांत घेऊनच मी व्हरांड्यात बसलो आणि डाव्या अंगाची सगळ्यात चांगली फांदी एका झटक्यात वाकवली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. साहेब माझ्या हाताकडं बघत राहिला. मी शिवीची वाट पाहत होतो. शिवी दिली असती तर मीही दिली असती आणि मोकळा झालो असतो. त्यानं धारदार सुरी आणली, मोडलेला भाग गुळगुळीत कापला आणि त्या जखमेला ओली माती लावली. पुढं चार महिने तो त्या रिकाम्या जागेकडं बघत असायचा. चहा पिताना, दाढी करताना. एका रविवारी त्यानं कुंडी थोडी फिरवली, आणि ती रिकामी जागा झाडाची समोरची बाजू झाली. तिथून आत बघितलं की खोडाचं वळण दिसायचं, जे आधी कधी दिसलं नव्हतं. मला वाटायचं, दुसऱ्या एखाद्या घरात खिडकीतून डोकावतोय.

पहिल्याच वर्षाची एक फजिती सांगायलाच हवी. मार्गशीर्ष सरत आला, पवनेवरून सकाळी धुकं रूळ ओलांडून अंगणात यायला लागलं, आणि झाडाची पानं लाल झाली. एक नाही, सगळी. मी घाबरलो. माझ्या राखणीत झाडाला ऊन बाधलं, अंगात उष्णता शिरली, अशी माझी खात्री झाली. घरी सांगितलं. बायको म्हणाली की ताक घाला, आपल्या कढीपत्त्याला घालतो तसं. मी तांब्याभर ताक नेलं आणि सगळं मुळाशी ओतलं. संध्याकाळी साहेब आला तेव्हा कुंडीवर मुंग्यांची रांग होती आणि व्हरांडाभर आंबूस वास. मी लाल पानं दाखवली, कपाळाला हात लावून ताप आल्याची खूण केली. तो हसला. तीन वर्षांत तेवढं एकदाच मोठ्यानं हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग माती धुतली, आणि मला शेजारी बसवून घेतलं.

आम्ही बसून राहिलो. एक पान सुटलं. ते सरळ पडलं नाही, हवेत दोनदा वळलं आणि माझ्या गुडघ्यावर येऊन उताणं पडलं. मग दुसरं. साहेबानं डोळे मिटले आणि गालाखाली हात ठेवला. झोप. झाड झोपतंय, एवढंच. आपल्याकडं झाडं झोपत नाहीत, वड-पिंपळ एक कपडा काढायच्या आत दुसरा घालतात. हे झाड मात्र सगळं उतरवून, उघडं होऊन, थंडीत उभं राहिलं. त्याची हाडं दिसायला लागली. आणि मला तेव्हा ते जेवढं सुंदर वाटलं तेवढं पानांतही वाटलं नव्हतं.

पानं गेली की फांद्या कापायचे दिवस. कुंडी भिंतीकडं फिरवायची, उपरणं टाकायचं. तो तीन बोटं दाबायचा, म्हणजे तीन फांद्या. मी एक दाबायचो. तो परत तीन. मी हात ढिला सोडायचो, रागावल्यासारखं करायचो. शेवटी दोनवर यायचं. मला नंतर वाटायला लागलं की त्याच्या मनात आधीपासून दोनच असायच्या.

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या श्रावणात आम्ही वरच्या फांदीला तार घातली. दसऱ्याला काढायची, असं ठरलं, कारण तार वेळेवर काढली नाही तर वाढणारी साल तिच्यात रुतते. आणि दसऱ्याच्या आधीच वसाहतीत बातमी आली की जपानी साहेबाचं काम संपलं, तो परत चाललाय.

झाड बोटीनं परत जाणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. परतीच्या प्रवासात ते जगलं नसतं. मी चार दिवस तयारी केली. काय भाव सांगायचा, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. त्याच्या पहिल्या बोटाला मी किती बोटांनी उत्तर द्यायचं. गाडी हाकताना माझी बोटं कासऱ्यावर आपोआप दाबली जायची. मला ते झाड विकत घ्यायचं होतं. त्या माणसाकडून, समोरासमोर बसून, रुमालातल्या पैशांनी. हे माझं झालं, असं मला म्हणायचं होतं, आणि त्यावर कुणाचं उपकाराचं बोट नको होतं.

मी गेलो तेव्हा तो व्हरांड्यात बसला होता. पेट्या बांधून झालेल्या. मी समोर बसलो, उपरणं टाकलं, हात दिला. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं, कारण त्या दिवशी त्यानं कुंडी भिंतीकडं फिरवली नाही. झाड आमच्याकडं बघत होतं. मी त्याची बोटं दाबली, माझा पहिला भाव. त्यानं काहीच दाबलं नाही. त्याचा हात माझ्या हातावर नुसता राहिला, सगळा तळहात. मी वाढवलं. परत नुसता हात. मग त्यानं तो काढून घेतला, झाडाकडं मान केली आणि म्हणाला, "पैसा नहीं. ले जाओ."

ते शेवटचे दोन शब्द मी वसाहतीत शंभरदा ऐकले होते. जुना कोट, फुटकी किटली, उरलेला केक. साहेबलोक ते पायरीवर ठेवायचे आणि माळ्याला, मोलकरणीला म्हणायचे, ले जाओ. त्यानं ते शब्द त्यांच्याकडूनच उचलले असणार. पण त्या क्षणी एवढा विचार करणारा माझा स्वभाव नाही. तीन वर्षं उपरण्याखाली हात देऊन बसलो, आणि शेवटी मी पायरीवरचा माणूस ठरलो. मी उपरणं झटकलं. म्हणालो, "ठेव तुझं झाड. मी भिकारी न्हाई." पायरी उतरलो, गाडीत बसलो. मागं बघितलं नाही. तार काढायची राहिली, हे मला पार मोशीच्या उतारावर आठवलं.

तो गेला त्या दिवशीही मी गेलो नाही. घरी बायकोनं विचारलं आणि मी काय झालं ते सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"बक्षीस नव्हं ते," ती म्हणाली. "मायेनं देत व्हता."

मी ताट सारून उठलो.

तीन महिने मी वसाहतीचा रस्ता सोडला. गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडं गेलं तर जाऊ दे म्हटलं. दिवसा नदीवर पोयटा भरताना मला ते झाड दिसायचं. पाण्यावर ऊन हलायचं आणि त्यात पाच बोटांची पानं हलायची. कधी वाटायचं, ते आता माझ्या राखणीशिवाय वाळलं असेल, आणि त्याचा मला आनंदही व्हायचा. असा मी होतो. मग लगेच फावडं टाकून काठावर बसून राहायचो.

संक्रांत झाली आणि त्या शेवटच्या बंगल्यातूनच निरोप आला. साहेबाच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांच्या बाईंना एक गाडी पोयटा हवाय. नाही म्हणायचं ठरवून मी बैल जुंपले.

बाई रत्नागिरीकडच्या. चाळिशीच्या, पदर खोचून स्वतः अंगणात उभ्या. पोयट्यात वाळू किती हे त्यांनी चिमटीत पाहिलं, भावात मला अर्ध्यावर आणलं, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटायला लागला होता, तेवढ्यात मला मागच्या पायरीवर रांजणाचं बूड दिसलं.

झाड त्यात होतं. एकही पान नाही. माती कोरडी, वर कुणीतरी बोटानं रेघा ओढलेल्या.

"ह्यात पुदिना लावणार आहे," बाई म्हणाल्या. "ते वाळकं उपटून टाकायचं राहिलंय."

मी जवळ गेलो. वाकल्यासारखं करून खोडाला नख लावलं. सालीखाली हिरवं होतं, ओलं हिरवं. मग वरची फांदी पाहिली. तार तशीच होती. साल तिच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती. मी चेहरा बाजारातला केला आणि म्हणालो की हे भांडं माझ्या कामाचं आहे, बाई, काय घ्याल.

त्या म्हणाल्या, भांडं घेऊन जा, झाड मी उपटून देते. मी म्हटलं, झाडासकटच द्या, मातीही उपयोगी पडेल. त्या म्हणाल्या, मग न्या की तसंच, मेलेल्या काटकीचे काय पैसे घ्यायचे.

परत फुकट. मी उचलून चालायला लागायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस लागला असता. माझ्या हातात ते भांडं आलंच होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं की तसं नाही नेणार, काय ते सांगा. त्या नको म्हणाल्या. मी आकडा बोललो. मी आकडा वाढवला. मीच माझ्याविरुद्ध भाव वाढवत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं.

बाईंनी पदर सोडून नीट घेतला आणि माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"वाळक्या काटकीसाठी भांडणारा माणूस," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो मातीवाला तुम्हीच."

मग त्यांनी सांगितलं. जपानी साहेबानं जाताना त्यांच्या यजमानांना कुंडी सोपवली होती. मातीवाला येईल, त्याला द्या, असं सांगितलं होतं. तो किंमत देण्यासाठी भांडेल, घेऊ नका, असंही. त्यांनी महिनाभर वाट पाहिली, पाणी घातलं. मातीवाला आला नाही. मग पानं लाल झाली, गळली, मेलं असं समजून पाणी थांबवलं. दुसऱ्या गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ह्या रस्त्याला आता मीच असतो. म्हणून पुदिना.

"आता बोला," बाई म्हणाल्या. "तसंच नेता, की पुदिना लावू?"

त्या विनोदानं म्हणत होत्या, पण मला तो विनोद वाटला नाही. मी पायरीवर बसलो. त्याच पायरीवर. रुळावरून एक मालगाडी गेली आणि तिची सावली पहिल्यासारखीच डबा डबा करून आली, झाडावरून गेली, माझ्यावरून गेली. आत एक बारीक विरोध लागत होता, फांदीत लागतो तसा. इथं थांबायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मी थोडा आणखी वाकलो. मोडलो नाही.

"द्या," मी म्हणालो. "तसंच द्या."

बाईंनी आतून तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं, आणि ते मला नाही, झाडाला आहे हे दोघांनाही कळलं. जाताना म्हणाल्या, पुदिन्याला दुसरं भांडं आणा, त्याचे पैसे देईन. ते भांडं मी पुढच्या आठवड्यात नेलं आणि त्या भावावरून आम्ही दोघं घसा बसेपर्यंत भांडलो. माझं मन जरा जाग्यावर आलं.

झाड मी उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. बैलांना घर ठाऊक होतं. चाकणच्या वाटेवर ऊन उतरत होतं, शेतातून ज्वारीचा गोड वास येत होता, आणि मला वाटत होतं की गाडी चालत नाही, रस्ताच मागं मागं वाहतो आहे. दारात बायको उभी होती. तिनं उपरण्यातून वर आलेली काटकी ओळखली.

"कितीला घेतलंत?" तिनं विचारलं.

मी कुंडी ओट्यावर ठेवली, उपरणं सोडवून हातावर टाकलं आणि तिच्यापुढं धरलं. तीस वर्षं हेड्याच्या घरात काढलेली बाई, तिला काय करायचं ते कळलं. तिनं हात खाली घातला. मी कुठलंच बोट दाबलं नाही. नुसता हात ठेवला. ती थांबली, मग म्हणाली, "व्हय." आणि कोंबड्यांना हाकलायला गेली.

तार मी त्याच दिवशी काढली, तुकडे तुकडे करून, सालीला धक्का न लावता. जमेल तेवढं केलं. फांदीवर वेढ्यामागं वेढा असा खोल घाव राहिला. पुढं सगळा माघ मी सकाळी उठून पहिल्यांदा ओट्यावर जायचो. काही दिसायचं नाही. बायको ताकाचं भांडं उचलून विचारायची, घालू का? ती चेष्टा होती, आणि अर्धी नव्हतीही. फाल्गुनात होळीच्या आसपास, नदीकडून आलेला गारवा अजून अंगणात होता तेव्हा, फांद्यांच्या टोकांना लाल ठिपके दिसले. मोहरीएवढे. दोन दिवसांनी ते उघडले. आत मिटलेल्या मुठी होत्या.

घाव लागलेल्या फांदीला मुठी चार दिवस उशिरा आल्या.

साहेबाला कळवावं असं खूप वाटलं. पत्ता बाईंच्या यजमानांकडं मिळाला असता. मी मागितला नाही. काय लिहिणार होतो आणि कुणाच्या हातानं? आणि खरं सांगायचं तर माझी तक्रार अजून गेलेली नाही. त्याला माझा स्वभाव एवढा नेमका कळला होता, मी पैशासाठी नाही तर मानासाठी भांडणार हेही कळलं होतं, तर त्या दिवशी एक बोट दाबायला त्याचं काय जात होतं? भाव कितीही लावला असता, दिला असता. एक बोट. त्यानं सगळा हात दिला, आणि मला तो धरता आला नाही, हे मी मान्य करतो. पण आधी एक बोट दाबायला हवं होतं.

तारेचा घाव भरला, खूण राहिली. साल तिथं दोरखंडासारखी पिळलेली आहे. दुपारी झाडाला पाणी घालून झालं की मी शेजारी बसतो, खांद्यावरचं उपरणं त्या फांदीवर टाकतो, म्हणजे ऊन लागत नाही, आणि खालून त्या खुणेवर बोट फिरवतो. एक वेढा, दुसरा, तिसरा. मग दाबतो, हलकेच, आणि वाट बघतो.